लेकीची पायली

पोंभुर्ण्याच्या बाजारात रंभाबाई मडकं घ्यायला आली की कुंभार आधी पाणी पिऊन घ्यायचा. आता वेळ लागणार हे त्याला ठाऊक असे. ती एकेक मडकं उचलायची, उन्हाकडे धरून आत बघायची, मग बोटाच्या पेराने टिचकी मारून कान लावायची. तोवर मागच्या बायका मडकी घेऊन घराच्या वाटेला लागलेल्या असत.

"बाई, मडकं घेऊन राह्यली का जावई पाहून राह्यली?" कुंभार वैतागून विचारी.

"जावई बिघडला तं समजवाले गाव येते," रंभा म्हणे. "मडकं फुटलं तं पाणी मले एकटीलेच वाहा लागते."

गाव तिचं कोसमतुकूम. अंधारी नदीच्या अलीकडे, तीन बाजूंनी साग आणि मोह, चौथ्या बाजूला धानाच्या बांध्या. नवरा सोमाजी कमी बोलणारा. तो दिवसभरात जेवढे शब्द वापरी तेवढे रंभा मिठाची पुडी घेताना खर्च करी. दोघांची एकच लेक, दिव्यानी. तिला वैनगंगेच्या पल्याड, गडचिरोलीच्या अंगाला दिलेली. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीला ती माहेरी आली ती लाजत लाजत एक बातमी घेऊन आली.

बातमी ऐकून रंभाने लेकीच्या तोंडात साखर घातली. शेजारणींना सांगितलं. हसली, नाचायचीच बाकी होती. मग परसात जाऊन विहिरीच्या काठाशी बराच वेळ उभी राहिली.

तिला रुखमा आठवली होती.

रुखमा तिची धाकटी बहीण. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तशी रुखमाही माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या आणि सुटका होईना. गावच्या सुईणीने हात टेकले, चांद्याला, चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाली. तेव्हा रंभाचा बाप म्हणाला, पोरगी आता त्यांच्या घरची आहे. तिच्या पोटाला शस्त्र लावायचं तर त्यांना विचारलं पाहिजे. माणूस नदीपार सासरी धावला. सासरच्यांनी सांगितलं, पहिलं बाळंतपण माहेरचं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. माणूस परत आला. मग भाऊ म्हणाला, जावयाच्या तोंडून ऐकायला हवं. जावई जंगलात बांबू तोडायला गेलेला. या विचारण्या-सांगण्यात सूर्य दोनदा बुडाला. रुखमा गेली, तिच्या पोटातलं गेलं. त्यात वाईट माणूस एकही नव्हता. सगळे भले होते, सगळे एकमेकांचा मान राखत होते, आणि अंगणात उभी केलेली बैलगाडी जुंपलेली तशीच राहिली होती.

पुढे कित्येक वर्षं, जुंपलेली गाडी रिकामी उभी दिसली की रंभा तोंड फिरवी.

आता दिव्यानी त्याच वाटेने माहेरी येणार होती. रंभाला औषधपाण्याची भीती नव्हती. ज्या दिवशी विचार करायला वेळ नसेल, त्या दिवशी लोक विचार करत बसतील, ही भीती होती. तिच्या मनाने घेतलं, की ठरवायचं ते आताच ठरवून ठेवायचं. कसं, ते तिला कळत नव्हतं.

पोंभुर्ण्याला बसस्टँडसमोर बाबूभाईचं शिलाईचं दुकान होतं. गावोगावच्या बायकांचे ब्लाउज त्याच्याकडे शिवायला येत. दोन वर्षांपासून त्याने विम्याची एजन्सीही घेतली होती. भिंतीवर एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र लावलेलं, त्याच्या खिळ्याला कातर टांगलेली. पुढच्या बाजारी रंभा तिथे जाऊन बाकावर बसली.

"बाबूभाई, आजारपणाचा विमा असते म्हणतात. कसा असते, मले सांगा."

"अरे वा, बाई! सरपंचाले दोन साल समजवून राह्यलो, तो समजत नाई. तुमी स्वतःच आल्या." बाबूभाईने मशीनवरचा पाय थांबवला. "सोपं हाय. सालाचं एकदा भरायचं. दवाखान्यात भरती झालं तं खर्च कंपनी देते."

"आधी देते का मंग?"

"मंग. आधी तुमी भरायचं, सारे कागद सांभाळायचे, मी ते नागपूरले पाठवतो, आन् कंपनीचा चेक येते."

"आन् आधी भराले कुठून आणू? ते माह्याजवळ असतं तं तुमच्याकडं काऊन आली असती?"

बाबूभाई हसला. "घुग्घुसच्या खदानीतल्या लोकायले हे कोणी विचारत नाई हो. त्यायचा पगार असते."

"बरं, ते राहू द्या. माह्या लेकीचं पहिलं बाळंतपण हाय चैत-वैशाखात. ते यात येते का?"

हो म्हणायला बाबूभाईला काही लागलं नसतं. पावतीबुक हाताशी होतं आणि रंभाला वाचता येत नव्हतं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, पुठ्ठ्याच्या डब्यातून कंपनीचं पत्रक काढलं, पुन्हा एकदा वाचून पाहिलं आणि मान हलवली.

"नाई बाई. बाळंतपण यात नाई. पाय मोडला, अपेंडिस उठलं, मलेरिया डोक्यात गेला, तं हा विमा कामाचा. माह्या बायकोचा, सुलतानाचा, पोरायचा, साऱ्यायचा मी काढला हाय. पर तुमाले जे पायजे ते यात नाई."

"तुमी नसतं सांगतलं तं?"

"तं तुमी एक दिवस येऊन माह्या टकलावर टिचकी मारली असती. कुंभारानं मले सारं सांगतलं हाय." मग तो जरा पुढे झुकला. "जंगलाच्या कडेले तो ट्रस्टचा दवाखाना हाय ना, त्याची जीप गावोगाव फिरून राह्यली. पैशाऐवजी धान घेतात म्हणे. तुमच्या गावाले आली तं विचारा. नीट विचारा बरं का, मले विचारलं तसंच."

जीप मार्गशीर्षात आली. मारुतीच्या पारावर माणसं, खाली बायका. दवाखान्यातून कहकशाँ नावाची नर्स आली होती, चंद्रपूरची, तरुण, बोलायला मोकळी. ते नाव गावाच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच दिवशी ती सिस्टरबाई झाली.

तिने सांगितलं ते असं. खळं झालं की घरातल्या दर माणसामागे एक पायली धान द्यायचं. त्या घराला वर्षभराचं कार्ड मिळेल. अचानक काही झालं, साप चावला, बाळंतीण अडली, तर भरती आणि उपचार फुकट. बाकीच्या दुखण्यांना अर्धा खर्च. पण एक अट. गावातल्या चार चुलींपैकी तीन तरी यात आल्या पाहिजेत. नुसते आजारी लोकच आले तर हे चालणार नाही.

"आन् मी सालभर आजारीच नाई पडलो तं?" पारावरून एकाने विचारलं. "धान वापस?"

"नाही. ते दुसऱ्या कोणाच्या कामी येतं."

"म्हंजे मी धडधाकट राहून लोकायच्या बिमाऱ्या पोसाच्या?"

"तुह्या लग्नात लोकायनं आहेर केला तेव्हा नाई विचारलं हे?" खालून कोणीतरी म्हणालं, आणि पार हसला.

रंभाच्या शेजारची बायनाबाई मात्र हसली नाही. "बिमारीसाठी धान काढून ठेवाचं म्हंजे तिले आवतन धाडणं झालं. माह्या घरातून एक दाणा निघाचा नाई."

मग रंभा उठली. तिने पदर सारखा केला आणि एकेक टिचकी मारायला सुरुवात केली. दवाखाना रातीही उघडा असतो का? डॉक्टर बाई आहे का बाप्या? पोट कापावं लागलं तर तिथेच होतं की पुढे पाठवतात? आधी काही भरावं लागतं का? सिस्टरबाई उत्तरं देत गेली. आधी काही भरायचं नाही, कार्ड दाखवायचं. डॉक्टर बाई आहे. ऑपरेशन तिथेच होतं.

"मंग माह्या दिव्यानीचं नाव लिवा. चैत-वैशाखात हाय ती."

सिस्टरबाईने विचारलं, "ती तुमच्याच घरी असते?"

"सासरी असते. संक्रांतीनंतर इथी येईल."

सिस्टरबाईचा हात थांबला. "बाई, नियम असा आहे की एका चुलीवर जेवणारी माणसं एका कार्डात."

गावाने नेमलेल्या कमिटीचा म्होरक्या लटारूभाऊ होता. केस पिकलेला, न्यायाला पक्का, कोणाच्या बांधाची काठी सरकली तरी पहाटे उठून स्वतः जाऊन पाहणारा. तो म्हणाला, "रंभाबाई, लेक दिली म्हंजे ती त्या गावची झाली. तिचं तिकडं लिवावं. असं माहेरवाशिणीयले घेतलं तं मूल गावापासून सिरोंच्यापर्यंतच्या साऱ्या पोरी आपल्या कार्डात येतील. दवाखाना बंद पडन बिचाऱ्यांचा."

"तिच्या सासरी जीप जात नाई, भाऊ."

"जाईल पुढच्या साली."

"पोट पुढच्या सालापर्यंत थांबते काय?"

बायका हसल्या. लटारूभाऊही ओठातल्या ओठात हसला, पण होकाराची मान त्याने डोलावली नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे रंभालाही कळत होतं. म्हणूनच तिला ते जास्त टोचलं.

घरी ती चुलीशी बसली आणि पुन्हा पुन्हा तेच घोळवत राहिली. लेक इकडची नाही, तिकडचीही पुरती नाही. ओटी भरायला इकडची, निर्णय घ्यायला तिकडची. रुखमाला याच मधल्या जागेत मरण आलं होतं.

"तुमी काई बोलत काऊन नाई?" ती सोमाजीवर खेकसली.

सोमाजी विडी विझवत म्हणाला, "खळं होऊ दे."

पौषात खळं झालं. पेंढ्यांचं पुंजणं मोडलं, बैलांनी चुरलं, लुचई धानाची रास सोन्यासारखी पडली. सोमाजीने राशीला पाया पडून पायली भरली. आपल्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आणि कोसमतुकूममध्ये आणखी एक रीत होती, कोणी घातली कोणाला आठवत नाही. ते लाभाचं पहिलं माप राशीत जायचं नाही. ज्या घरची लेक सासरी गेली, त्या घरी ते तिच्या नावाने वेगळं काढायचं. संक्रांतीला बाप किंवा भाऊ नव्या कापडात बांधून ते तिच्या सासरी नेऊन देई. त्याला लेकीची पायली म्हणत. एवढ्याशा धानाने कोणाचं पोट भरत नसे; पण सासरी दारात ते गाठोडं उतरलं की पोरीची मान त्या दिवशी वेगळीच असे.

"लाभ," सोमाजी म्हणाला आणि ती पायली बाजूच्या सुपात ओतली.

रंभा झाडणीने काड्या बाजूला करत होती. तिचा हात थांबला. सुपातल्या धानाकडे तिने बघितलं, मग नवऱ्याकडे. सोमाजी दुसरी पायली भरत होता, खाली बघत. पण खळं होऊ दे असं तो का म्हणाला होता, ते तिला त्या क्षणी कळलं.

दवाखान्याचं धान जमा करायचा दिवस आला. पारावर मोठी ताडपत्री अंथरलेली, लटारूभाऊ मापाशी बसलेला, सिस्टरबाई नावं लिहीत होती. रास लहानच दिसत होती. चारातल्या तीन चुली काही झाल्या नव्हत्या, आणि दुपार कलत आली होती.

रंभाने दोन पायल्या मोजून दिल्या, तिची आणि सोमाजीची. मग डोक्यावरचं नव्या कापडाचं गाठोडं उतरवलं आणि ताडपत्रीच्या काठाशी ठेवलं.

"हे काय?" लटारूभाऊने विचारलं.

"दिव्यानीची पायली."

"बाई, ते बोलणं झालं ना मांगं."

"भाऊ, तुमच्या दोन लेकी सासरी हायेत. औंदा तुमच्या खळ्यात पहिलं माप कोणाचं निघालं?"

लटारूभाऊ मापाची कड बोटाने पुसायला लागला.

"ज्या राशीतलं पहिलं माप तिचं, त्या घरची ती नाई म्हणता? मंग ते माप काऊन काढता? बंद करा ना. सांगा साऱ्या पोरीयले, तुमचं इथी काई राह्यलं नाई." तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "मी फुकट नाई मागत. तिच्या वाट्याचं धान आणलं. बारा महिन्यांचं नका देऊ. माहेरी बाळंतपणाले येते तेवढ्या दिवसांचं द्या. आन् भाऊ, माही रुखमा कशी गेली तुमाले ठाऊक हाय. धानानं औषध येईल न येईल. पर तिचं नाव इथी असलं तं कोणी कोणाले विचारत नाई बसणार. मले तेवढंच पायजे."

सिस्टरबाईने पेन खाली ठेवलं होतं. ती म्हणाली, "पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, तिच्या वाट्याचं धान दिलं असेल तर. मी डॉक्टरबाईंशी बोलते. मला वाटतं त्या हो म्हणतील. पण कमिटीने लिहून दिलं पाहिजे."

सगळे लटारूभाऊकडे बघत राहिले. त्याने गाठोड्याची गाठ सोडली, धान पायलीत ओतलं, हाताने वरचं सारखं केलं. माप भरलेलं होतं, शिगोशीग.

"लाभ," तो म्हणाला आणि राशीत ओतलं.

बायनाबाई उठून घराकडे गेली तेव्हा रंभाला वाटलं, रागावली. पण ती परत आली ती डोक्यावर टोपली घेऊन. तिची लेक सासरी नुकतीच गेली होती, अजून काही बातमीही नव्हती. "पोरीचं घ्या," ती लटारूभाऊला म्हणाली. "आन् तिचं घेता तं मंग आमचंबी घ्याच लागन." तिच्यामागून आणखी काही टोपल्या आल्या. सगळ्या नाही आल्या. पण दिवस मावळायच्या आत चारातल्या तीन चुली झाल्या, वर एकदोन.

संक्रांतीला रंभा स्वतः नदी ओलांडून लेकीला आणायला गेली. विहीणबाईने पाणी दिलं, तिळगूळ दिला, आणि नजर दारात टाकली.

"औंदा लेकीची पायली नाई आणली, बाई?"

रंभाने कमरेच्या पिशवीतून दिव्यानीचं नाव चढलेलं कार्ड काढून पुढे केलं आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "येळ आली तं आमी तुमाले निरोप धाडू. पर तुमची वाट नाई पाहणार. हे आताच बोलून ठेवाले आली."

विहीणबाईचा चेहरा कडक झाला. "म्हंजे आमाले न विचारता आमच्या सुनेले कापाचं?"

"हो."

आत दिव्यानी कपडे बांधत होती, तिच्या बांगड्या थांबल्या. मग विहीणबाईने कार्ड उलटं-सुलटं केलं. वाचता तिलाही येत नव्हतं. "माह्या वेळेस मले दोन दिवस असंच ठेवलं होतं," ती म्हणाली. "माह्या नशिबानं वाचली. घेऊन जा. पर पोरगं झालं का पोरगी, ते मले पहिलं कळलं पायजे. त्यात मले नका मांगं ठेवू."

चैत्र लागला. मोहाची फुलं गळायला लागली आणि जंगलाला तो गोड, जड वास सुटला. दिव्यानीला अजून पंधरवडा होता. रंभा उजाडायच्या आत टोपली घेऊन जंगलात जाई, ऊन चढेपर्यंत वेचून परत येई. सोमाजी त्या दिवशी पोंभुर्ण्याला गेला होता.

उन्हं तापली तेव्हा ती भरली टोपली घेऊन परतली. घराला कडी लावलेली. अंगणात दिव्यानीच्या चपला नव्हत्या. समोरच्या ओसरीत म्हातारी सोमारी बसली होती.

"काकी, पोरगी कुठी हाय?"

"नेलं ना दवाखान्यात. तू गेली तसं पाणी गेलं तिचं. लेकरू आडवं हाय म्हणे सुईण. लटाऱ्यानं टॅक्टर काढला, तणीस टाकली, वाकळ टाकली, बायना संग बसली, निघाले."

"मले बलवाले कोणी काऊन नाई आलं?"

"तुले कुठी ढुंढत बसाचं होतं एवढ्या जंगलात?" म्हातारी चिडली. "बायना म्हणे बी, मायले सांगू. लटारू म्हणे, मायनं सांगून ठेवलं हाय पौषातच. बसा."

रंभाने टोपली उतरवली. उतरवली म्हणण्यापेक्षा ती हातातून सुटली, आणि मोह अंगणभर झाला. ती पायरीवर बसली. एरवी परसातलं लिंबू कोणी न विचारता तोडलं तरी ती गल्ली डोक्यावर घेई. आज तिची लेक, तिची एकुलती, उचलून नेली, आणि कोणी तिला विचारलं नव्हतं. कोणी कोणालाच विचारलं नव्हतं. अंगणात गाडी जुंपून उभी नव्हती. ट्रॅक्टरच्या चाकांच्या दोन रेघा तेवढ्या धुळीत सरळ गेलेल्या होत्या, कुठेही न थांबता.

तिने पदराने तोंड पुसलं आणि त्या रेघांवरून चालायला लागली. पुढे सडकेवर लाकडाचा एक ट्रक मिळाला.

दवाखान्याच्या ओसरीत लटारूभाऊ भिंतीला टेकून बसला होता, केसांत तणशीच्या काड्या. त्याने तिला पाहिलं आणि तो उठून उभा राहिला.

"दोघीबी बऱ्या हायेत," तो घाईने म्हणाला. "पोट कापावं लागलं. डॉक्टरीणबाईनं कागदावर अंगठा मागतला तं बायनानं देऊन टाकला. मी पाहतच राह्यलो. पोरगी हाय."

बोलता बोलता तो कचरला.

"तुले न विचारता आणलं. राग तं नाई आला?"

"आला ना," रंभा म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "खूप आला. आता तुमी असेच पल्याड जा, भाऊ. पोरगी झाली म्हणून विहीणबाईले पहिलं सांगा. मी कबूल केलं हाय."

"आता? मी सकायपासून जेवलो नाई, बाई."

"जाऊन या. मंग जेवा."

लटारूभाऊ पुटपुटत ट्रॅक्टरकडे गेला. रंभा नळाशी गेली, हातांना लागलेला मोहाचा चिकटा घासून घासून धुतला, हात नाकाशी नेऊन पाहिले, पुन्हा धुतले. मग आत गेली.

दिव्यानी झोपेत होती. बाजूला बायनाबाई फडक्यातला तो इवलासा जीव मांडीवर घेऊन बसली होती, अंगठ्याची शाई अजून तशीच. रंभाने वाकून फडकं बाजूला केलं. बोटं पाहिली, कान पाहिले, उजेडाकडे वळवून डोळे पाहिले. मग तळपायाला पेराने एक हलकी टिचकी मारली.

पोरगी किंचाळली. रंभाने कान लावून ते सगळं ऐकून घेतलं, आणि मगच तिला उचललं.